पंचवीस नमस्कार : औंध ते बेंगळूर

२००८ साली आपल्या मंडळाने गणेशोत्सवात आरोग्य तपासणी शिबिर ठेवले होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. मंडपामागच्या खोलीत दोन डॉक्टर, एक वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या अशी सारी तयारी होती. माझ्याकडे नावे लिहून घेण्याचे काम होते. दुपारी रांग ओसरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता तुम्हीही या." मी नुकतेच प्रसादाचे पाच मोदक संपवले होते. उंची पाच फूट सहा इंच, वजन ९१ किलो आणि साखर २६०च्या वर! डॉक्टरांनी एकदा कागदाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हा काही नुसत्या मोदकांचा दोष नाही. उपाशीपोटी रक्त तपासून घ्या."

तपासले. मधुमेह निघाला. तेव्हा माझे वय ४८ होते.

यंदा संपादक मंडळाने 'आरोग्य' या विषयावर लिहायला सांगितले, तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. मी डॉक्टर नाही, कारखान्यातून निवृत्त झालेला साधा इंजिनियर आहे. पण त्या दुपारनंतर जे घडले त्यातून मला एका इतिहासाचा छंद लागला. तो इतिहास आपल्या महाराष्ट्राचा आहे आणि बेंगळूर-म्हैसूरचाही आहे. म्हणून तो आपल्या स्मरणिकेत शोभेल असे वाटले.

सात दिवसांत सात किलो

पहिली दोन वर्षे मी जे केले ते बहुतेकांनी केलेले असते. वर्षाची फी एकरकमी भरून जिम लावली. कारखान्यात झेरॉक्स होऊन फिरणारा 'सात दिवसांचा आहार' सुरू केला. एक दिवस फक्त फळे, एक दिवस फक्त भाज्या, मग कोबीचे सूप. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे आजारी माणसाचं जेवण आहे." मी ऐकले नाही. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. विभागात सगळ्यांनी पाठ थोपटली. पँट शिंप्याकडे देऊन कमरेत बारीक करून घेतली.

मग एका सकाळी, मशीनपाशी उभा असताना, हात थरथरू लागले. घाम फुटला. समोरचे आकडे दिसेनात. साखरेची गोळी घेतलेली आणि आदल्या रात्रीपासून पोटात जवळजवळ काही नाही, अशी माझीच करामत होती. शेजारच्या कानडी सहकाऱ्याने वेळीच हात धरून मला मागे ओढले, खुर्चीवर बसवले आणि चहात चार चमचे साखर घालून पाजली. मशीन चालू होते. दोन पावले पुढे असतो तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

त्यानंतर आहार सुटला, जिमही सुटली. वर्षभरात नऊचे बारा किलो परत आले. पँट पुन्हा शिंप्याकडे गेली.

अण्णांची सतरंजी

२०१०च्या डिसेंबरात माझे वडील, अण्णा, गावाहून आमच्याकडे राहायला आले. (कानडीत 'अण्णा' म्हणजे मोठा भाऊ. त्यामुळे मी अण्णांची ओळख करून दिली की आमचे सहकारी गोंधळात पडत.) अण्णांचे वय तेव्हा ८० होते. पहिल्याच सकाळी साडेपाचला मला बाल्कनीतून काहीतरी पुटपुटणे ऐकू आले. बघतो तर अण्णा सतरंजी टाकून सूर्यनमस्कार घालत होते. ॐ मित्राय नमः, ॐ रवये नमः... प्रत्येक नावाला एक नमस्कार, अगदी सावकाश. पंचवीस झाले की थांबले, सतरंजीची घडी केली आणि चहाला आले.

मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो, पण कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले, "अण्णा, रोज पंचवीसच का? तुम्हाला शंभरही जमले असते."

अण्णा म्हणाले, "शाळेत असताना चढाओढीनं शंभर-शंभर घालणारी पोरं होती रे. चार दिवस घालायची आणि बसायची. मी पंचवीसच्या वर कधी गेलो नाही, म्हणून सत्तर वर्षं टिकलं."

अण्णांची शाळा आटपाडीची. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती आणि औंध संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. सक्ती कोणाची, तर खुद्द राजाची!

सँडोचा शिष्य

औंध हे साताऱ्याकडचे छोटे संस्थान. खेडी जेमतेम बहात्तर आणि तीही सलग नाहीत, इकडे-तिकडे विखुरलेली. इथले अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले आणि १९०९ साली गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार, कलासंग्राहक अशी त्यांची ओळख मराठी वाचकाला आहे. औंधचे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. गदिमांचे काही शिक्षण याच औंधला झाले.

पण माझ्यासारख्याला जवळचा वाटला तो त्यांच्या आयुष्याचा वेगळाच भाग. तरुणपणी, शिक्षणासाठी शहरात राहत असताना, बाळासाहेबांचे शरीर सुटले. तेव्हा जगभर युजेन सँडो या पहिलवानाचे नाव गाजत होते. आपण बिनबाह्यांच्या बनियनला 'सँडो' म्हणतो ना, तोच हा सँडो. बाळासाहेबांनी १८९७च्या सुमारास सँडोची पुस्तके आणि सारी उपकरणे विकत घेतली आणि दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेटाने व्यायाम केला. फायदाही झाला. म्हणजे आपल्या आधी शंभर वर्षे एक मराठी राजा परदेशी साहित्य मागवून वजनाशी झगडत होता!

पुढे १९०८ साली मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले आणि मग ते कधी सोडले नाहीत. नमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत अशी परंपरा सांगते, आणि आपल्या आखाड्यांत नमस्कार, दंड, जोर हे जुनेच आहेत. बाळासाहेबांनी केले ते वेगळे काम. त्यांनी त्याला नेमका क्रम दिला, दहा स्थिती ठरवल्या, कोणत्या स्थितीत श्वास कसा घ्यायचा ते सांगितले आणि सूर्याची नावे व बीजमंत्र त्याच्याशी बांधले. मंत्र म्हणायचा तर घाई करताच येत नाही, दम आपोआप बेताने लागतो. हे मला स्वतः घालायला लागल्यावर समजले. इंजिनियरच्या भाषेत सांगायचे तर मंत्र हा या यंत्राचा गव्हर्नर आहे, वेग वाढू देत नाही.

दुसरी गोष्ट अशी की याला लागते काय? एक सतरंजी पसरेल एवढी जागा. राजवाडा असो की चाळीतली खोली, तेवढी जागा सगळ्यांकडे असते. बाळासाहेबांनी मुलींनाही नमस्कार शिकवले, स्त्रियांनी ते घालावेत असा आग्रह धरला. १९२८ साली त्यांनी नमस्कारांची मूक चित्रफीत तयार करवली, तेव्हा ते साठीत होते. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता लुईस मॉर्गन या महिला पत्रकाराने लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल'मध्ये त्यांच्यावर लेखमाला लिहिली आणि १९३८ साली तिच्याच संपादनाखाली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक तिथे प्रसिद्ध झाले. या दहा बिंदू म्हणजे त्यांच्या दहा स्थिती. आज सर्वत्र बारा स्थितींचा नमस्कार शिकवतात, पण अण्णा शेवटपर्यंत दहाचाच घालत.

सक्ती आणि स्वराज्य

आता एक प्रश्न उरतो. राजाने हुकूम काढला, शाळेशाळेत नमस्कार सुरू झाले, तर मग सगळ्या मुलांना जन्मभराची सवय लागली का? अण्णांना मी हे विचारले. ते हसून म्हणाले, "आमच्या वर्गातले किती जण पुढे घालत राहिले, बोटावर मोजावेत. मास्तर पाठ फिरवायचे आणि आम्ही खाली बसायचो. मी घालत राहिलो ते शाळा सुटल्यावर."

गंमत अशी की हा हुकूम काढणारा राजाच पुढे हुकूम सोडून द्यायला तयार झाला. गांधीजींच्या सल्ल्याने औंधमध्ये राज्यघटना तयार झाली, जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली आणि सत्ता गावपंचायतींच्या हाती गेली. या कामात राजपुत्र अप्पासाहेब पंत यांना साथ देणारे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनियर, आणि ते आले होते आपल्या बेंगळूरहून! म्हैसूर सरकारच्या इथल्या विजेच्या कारखान्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते. हे वाचले तेव्हा आम्हा कारखान्यातल्या लोकांना उगीचच अभिमान वाटला.

१९४८ साली संस्थान विलीन झाले, राजा गेला, हुकूम गेला. बाळासाहेब १९५१ साली वारले. अप्पासाहेब भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी फिरले आणि त्यांनी वडिलांच्या नमस्कारांवर १९७० साली इंग्रजी पुस्तक लिहिले. ते मला अॅव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाले. मला यातून एक गोष्ट कळली. व्यायाम स्वराज्यासारखा असतो, दुसऱ्याने लादून तो येत नाही. जिमची फी, डॉक्टरांचा धाक, सहकाऱ्यांची पैज या सगळ्या सक्तीच. सक्ती उठली की मी खाली बसत होतो.

औंधहून म्हैसूरला, म्हैसूरहून पुण्याला

अण्णांचे नमस्कार बाल्कनीतून पाहणारे माझे ते कानडी सहकारी (चहात साखर घालणारे!) एकदा म्हणाले, "हे तर आमच्या अय्यरांचं." मी म्हटले, कोण अय्यर? तेव्हा कळले की बेंगळुरात के. व्ही. अय्यर (१८९७–१९८०) नावाचे मोठे शरीरसौष्ठवपटू होऊन गेले. त्यांची 'हर्क्युलिस जिम्नॅशियम' ही व्यायामशाळा प्रसिद्ध होती, म्हैसूरच्या महाराजांचा त्यांना आश्रय होता. पोस्टाने व्यायामाचे धडे पाठवण्याची त्यांची पद्धत होती. हेच अय्यर कन्नडमध्ये 'शांतला' कादंबरीचे लेखक म्हणून ओळखले जातात. आणि १९३७ साली त्यांनी बेंगळूरमधून जे इंग्रजी पुस्तक काढले त्याचे नावच 'सूर्यनमस्कार'!

अय्यरांच्या तालमीत तयार झालेले शिक्षक म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात व्यायाम शिकवत. त्याच राजवाड्यात १९३३पासून कृष्णमाचार्यांची योगशाळा चालत होती. त्या काळी नमस्कार हा 'व्यायाम' आणि आसने म्हणजे 'योग' असे दोन वेगळे वर्ग होते. आज जगभरच्या योगवर्गांत नमस्कार पहिल्या पाच मिनिटांत येतो, त्यामागे म्हैसूरच्या या शेजाराचा किती वाटा आहे यावर अभ्यासक वाद घालतात. कृष्णमाचार्यांचेच शिष्य, कोलार भागातल्या बेळ्ळूरचे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला गेले आणि पुण्याचेच झाले. म्हणजे व्यायामाच्या बाबतीत मराठी-कानडी देवाणघेवाण चांगली फिटली असे म्हणायला हरकत नाही.

कुन्नूरचे उंदीर

वजनाचा अर्धा हिशेब व्यायामात, तर अर्ध्याहून जास्त ताटात असतो. त्याचाही इतिहास इथून जवळ, निलगिरीतल्या कुन्नूरला आहे. १९२०च्या दशकात रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी तिथे आहारावर प्रयोग केले. उंदरांचे गट करून एकेका गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचे नेहमीचे जेवण दिले आणि त्यांची वाढ मोजली. शीखांचे जेवण पहिले आले, पठाणांचे दुसरे, मराठ्यांचे तिसरे. पुढे गुरखे, कानडी, बंगाली आणि शेवटी मद्रासी. आमच्या जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगितले तेव्हा तिसरा क्रमांक आणि पाचवा क्रमांक यांत बरीच जुगलबंदी झाली.

पण थट्टा बाजूला ठेवू. मॅककॅरिसन यांचा निष्कर्ष जातीपातीचा नव्हता. ज्या जेवणात अख्ख्या धान्याचे पीठ, दूध, डाळ आणि पालेभाज्या होत्या ते जेवण पुढे गेले. ज्यात पॉलिश केलेला तांदूळ जास्त आणि बाकीचे कमी ते मागे पडले. तेव्हाचा प्रश्न पोटभर पोषण मिळण्याचा होता, आजचा आपला प्रश्न उलटा आहे. तरी उत्तर फारसे बदललेले नाही, हे विशेष. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून काम करते.

आपल्याकडची नाचणीची भाकरी आणि इथला रागी मुद्दे ही एकाच धान्याची दोन रूपे आहेत. तांदळापेक्षा नाचणीत कॅल्शियम कितीतरी पटींनी जास्त. पण नाचणी म्हणजे औषध नव्हे. तीन मुद्दे खाल्ले तर साखर वाढायचीच. मधुमेह्याला धान्य कोणते याइतकेच किती हेही पाहावे लागते.

चेन्नईचा धडा

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ज्यांना व्हायच्या बेतात आहे त्यांची संख्या त्याहून मोठी. अशाच काठावरच्या ५३१ लोकांवर चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालणे आणि जेवणात बेताचे बदल एवढेच सांगून सतत पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. आणि गंमत म्हणजे या लोकांचे वजन सरासरीने फारसे उतरलेच नव्हते!

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. मी दोन वर्षे काट्याकडे पाहत होतो. तो काटा सगळे सांगत नव्हता.

माझा हिशेब

२०११च्या जानेवारीत, अण्णा गावी परतण्याच्या आदल्या आठवड्यात, मी त्यांच्या शेजारी दुसरी सतरंजी टाकली. पहिल्या दिवशी तीन नमस्कारांत दम लागला. अण्णा म्हणाले, "तीनच घाल. उद्या तीन. पुढच्या आठवड्यात चार." पंचवीसपर्यंत पोचायला मला आठ महिने लागले. आधी डॉक्टरांना विचारले होते, ते तुम्हीही विचारा. रक्तदाब, कंबर, गुडघे, हर्निया यांचा त्रास असेल तर नमस्कार सर्वांनाच झेपतात असे नाही, त्यांनी चालावे. आणि साखरेची गोळी घेणाऱ्याने उपाशी राहण्याची हुशारी माझ्यासारखी करू नये.

जेवणात उपास नाही, सूप नाही. भात अर्धा केला, भाजी आणि आमटीतली डाळ वाढवली, रात्रीचे जेवण आठच्या आत. चहातली साखर गेली. सणाला गोड खायचे, पण सणालाच. बस्स एवढेच. चार वर्षांत मी ९४ वरून ८४ वर आलो, आज ८२ वर आहे. म्हणजे वर्षाला दोन-अडीच किलो, शिंप्यालाही कळले नाही इतके हळू. मधुमेह गेलेला नाही, एक गोळी चालू आहे. पण ती एकच राहिली आहे.

अण्णा २०१४ साली गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी. जाण्याच्या आधी दोन महिन्यांपर्यंत ते नमस्कार घालत होते. शेवटी शेवटी उभ्याने जमेना तेव्हा खुर्चीत बसून नुसती बारा नावे म्हणत. माझी खंत एकच आहे. माझ्या घरातच सत्तर वर्षांचा अनुभव सतरंजीवर उभा होता आणि मी तो सोडून झेरॉक्सच्या कागदामागे धावत होतो.

यंदा उत्सवाच्या दहाही दिवस सकाळी सहाला मी मंडळाच्या हॉलमध्ये सतरंजी टाकणार आहे. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे, मराठी, कानडी, तमिळ, सगळ्यांनी. मोजायला कोणी नसेल. तीन घाला, पाच घाला. प्रसादाचे मोदक मी आता दोन खातो आणि पूर्वीच्या पाचांपेक्षा ते जास्त गोड लागतात.

गणपती बाप्पा मोरया!